अधिछात्रवृत्ती आणि नदीचा काठ : पर्यावरण क्षेत्रातील विद्यार्थी-संशोधनाच्या अर्थसाहाय्याची चिकित्सा (विशेष संदर्भ : कोलाड-रोहा परिसर)

सारांश : पर्यावरण क्षेत्रात कारकीर्द करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध असलेल्या संशोधन अधिछात्रवृत्त्यांची रचना पदव्युत्तर पात्रता परीक्षा, विद्यापीठीय नोंदणी आणि शासकीय आर्थिक वर्ष यांभोवती झालेली आहे. पर्यावरणाचा अभ्यास मात्र स्थळ, ऋतू आणि दीर्घ वास्तव्य यांवर अवलंबून असतो. या विसंगतीमुळे ज्या ठिकाणी अभ्यासाची निकड सर्वाधिक आहे, तेथील विद्यार्थी संशोधक न होता केवळ माहितीदार राहतो. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील कोलाड परिसर व कुंडलिका नदी यांच्या संदर्भात या विसंगतीची चिकित्सा करण्यात आली आहे.

बीजसंज्ञा : अधिछात्रवृत्ती, पर्यावरण संशोधन, कुंडलिका नदी, ग्रामीण महाविद्यालये, क्षेत्र-अभ्यास.

१. प्रस्तावना

रोहा तालुक्यातील कोलाड हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव बाहेरच्या जगाला मुख्यतः दोन कारणांनी परिचित आहे. पहिले कारण म्हणजे कोकण रेल्वेची मालट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा. ती १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातील वेर्णे या टप्प्यावर सुरू झाली. दुसरे कारण म्हणजे कुंडलिका नदीतील राफ्टिंग. गेल्या दोन दशकांत या व्यवसायाने कोलाडच्या अर्थकारणाला वेगळे वळण दिले. स्थानिक तरुणांना त्यातून रोजगार मिळाला, हे मान्य करावेच लागेल. तथापि या दोन्ही ओळखींत कोलाड हे ‘येथून पुढे जाण्याचे’ किंवा ‘दोन दिवस येऊन परतण्याचे’ ठिकाण आहे. या परिसराचा सातत्याने अभ्यास करणारा, येथेच राहणारा आणि त्या अभ्यासावर उपजीविका करणारा माणूस येथील समाजचित्रात अभावानेच आढळतो.

हा अभाव विद्यार्थ्यांच्या कुवतीतून आला आहे की त्यांना मिळणाऱ्या अर्थसाहाय्याच्या रचनेतून, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. पर्यावरण हा विषय शासकीय धोरणात, अभ्यासक्रमात आणि भाषणांत अग्रभागी असताना त्या विषयात आयुष्य घालवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या वयात, किती काळासाठी, कोठे राहण्यासाठी आणि कोणत्या भाषेत साहाय्य मिळते, हे तपासल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

२. कुंडलिका : एका नदीचे तीन प्रवाह

कोणतीही अधिछात्रवृत्ती कशासाठी, हे आधी स्पष्ट असणे आवश्यक आहे. त्यासाठी कुंडलिकेकडे पाहणे उद्बोधक ठरते. सह्याद्रीत उगम पावून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळणारी ही नदी लांबीने मोठी नाही. परंतु तिच्यात निसर्ग, अभियांत्रिकी आणि उद्योग यांचे तीन वेगवेगळे प्रवाह एकत्र आले आहेत.

पहिला प्रवाह पावसाचा आहे. कोकणातील इतर नद्यांप्रमाणे कुंडलिकाही मूळची पावसाळी नदी. दुसरा प्रवाह घाटमाथ्यावरून येतो. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेकडे वळवून भिरा येथे वीजनिर्मिती करण्याची टाटांची योजना १९२७ मध्ये कार्यान्वित झाली. या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता, हे सर्वविदित आहे. मुळा नदीचे जे पाणी स्वाभाविकपणे भीमेकडे गेले असते, ते विजेच्या निमित्ताने कुंडलिकेत येते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांद्वारे शेतीला मिळते. कोलाडचे राफ्टिंगही या सोडलेल्या पाण्याच्या वेळापत्रकावर चालते. सकाळी पाणी सुटले की नदी भरते, ओसरले की खडक उघडे पडतात. म्हणजे येथे नदीची भरती-ओहोटी चंद्रावर नव्हे, तर वीजकेंद्राच्या गरजेवर ठरते.

तिसरा प्रवाह औद्योगिक आहे. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक उद्योगांचे प्राबल्य आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. कुंडलिकेच्या खालच्या भागाचा समावेश या यादीत होता. पाण्याची जैवरासायनिक प्राणवायू मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असणे, हा या वर्गीकरणाचा निकष होता.

येथे एक साधा परंतु मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ज्या नदीची पातळी एकाच दिवसात वर-खाली होते, तिच्यातून ठराविक कालांतराने एखाद्या वेळी भरून नेलेली पाण्याची बाटली नदीविषयी नेमके काय सांगते? पाणी सुटलेले असताना घेतलेला नमुना आणि ओसरल्यानंतर घेतलेला नमुना सारखाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रवाह वाढला की दूषितके विरळ होतात, घटला की त्यांचे प्रमाण वाढते. खाडीजवळ समुद्राच्या भरतीचा परिणामही त्यात मिसळतो. माशांच्या विणीवर, काठावरच्या वनस्पतींवर आणि तळाशी राहणाऱ्या कीटकांवर या दैनंदिन चढउतारांचा काय परिणाम होतो, हे समजून घेण्यासाठी कोणीतरी वर्षभर, दिवसातून अनेक वेळा नदीवर उपस्थित असावे लागते. पातळी मोजण्याची पट्टी, तापमापक, विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे साधन आणि एक नोंदवही, एवढ्यावर या अभ्यासाचा आरंभ होऊ शकतो. त्याला सर्वांत महाग गोष्ट लागते ती वेळ. हा वेळ विकत घेणे हेच अधिछात्रवृत्तीचे मूळ प्रयोजन होय.

३. कुलाबा जिल्ह्यातील दोन दाखले

१९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याशी संबंधित दोन थोर व्यक्तींची चरित्रे येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. योगायोगाने दोघांचेही जन्मवर्ष १८९६ आहे.

पहिले चिंतामणराव देशमुख. महाडजवळील नाते येथे त्यांचा जन्म झाला आणि बालपण रोहा परिसरात गेले. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत प्रथम येऊन त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूशास्त्र हे विषय घेऊन १९१७ मध्ये पदवी संपादन केली आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावले. त्यानंतर मात्र ते आय.सी.एस.च्या परीक्षेत प्रथम आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री ही त्यांची पुढील वाटचाल सर्वज्ञात आहे. १९५६ पासून त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपदही भूषविले. ज्या आयोगाच्या अधिछात्रवृत्तीवर आज देशातील संशोधक विद्यार्थी अवलंबून आहेत, त्या आयोगाच्या उभारणीच्या काळात त्याची धुरा रोह्यात वाढलेल्या आणि वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविलेल्या व्यक्तीकडे होती, ही बाब रोहेकरांना निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु तिचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. त्या काळी वनस्पतिशास्त्रातील उत्तम विद्यार्थ्यासमोर वनस्पतिशास्त्रात राहण्यासारखी वाट ठळक नव्हती. बुद्धिमत्तेचा राजमार्ग प्रशासनाकडे जात होता.

दुसरे सलीम अली. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील निसर्गविभागात ते मार्गदर्शक-व्याख्याते होते. जर्मनीत बर्लिन येथे एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये परतल्यावर निधीअभावी ते पदच रद्द झाल्याचे त्यांना समजले. हाती नोकरी नसताना ते अलिबागजवळील किहीम येथे कुटुंबीयांच्या घरी राहावयास गेले. तेथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांनी दिवसच्या दिवस बारकाईने न्याहाळली. एकच नर एकामागून एक अनेक घरटी विणतो व अनेक माद्यांशी जोडी जमवितो, हे सुगरणीच्या प्रजननाचे रहस्य या निरीक्षणातून उलगडले. पुढे संस्थानिकांच्या प्रदेशांतील पक्षी-सर्वेक्षणे त्यांनी वेतन न घेता, केवळ प्रत्यक्ष खर्च मिळावा या अटीवर हाती घेतली.

या दोन चरित्रांतून निष्पन्न होणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. एकाला शिष्यवृत्ती मिळाली, परंतु त्या शास्त्रात उपजीविका दिसली नाही. दुसऱ्याने शास्त्र निवडले, परंतु त्याला अधिछात्रवृत्ती नव्हती. त्याचे काम समुद्रकाठचे घर, पत्नीची साथ आणि खडतर राहणीची तयारी यांवर निभावले. सलीम अलींचे उदाहरण ‘जिद्द असेल तर साधनांची गरज नसते’ या अर्थाने वर्गात सांगितले जाते. वस्तुतः ते याच्या नेमके उलट सिद्ध करते. पक्ष्यांच्या वसाहतीखाली संपूर्ण पावसाळा बसून राहण्याची मोकळीक त्यांना कुटुंबाने दिली. ज्याच्या कुटुंबाला ती देता येत नाही, अशा कोलाडच्या किंवा तळ्याच्या विद्यार्थ्याला ती कोणी द्यावयाची? आधुनिक राज्यव्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर ‘अधिछात्रवृत्तीने’ असे असावयास हवे.

४. विद्यमान अधिछात्रवृत्त्यांची रचना

ते तसे आहे काय, हे पाहण्यासाठी विद्यमान योजनांची चार अंगांनी तपासणी करता येते.

(अ) टप्पा : आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ही या क्षेत्रातील प्रमुख योजना होय. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पर्यावरणविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. या अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१,००० रुपयांवरून ३७,००० रुपये करण्यात आली, ही स्वागतार्ह बाब आहे. अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीत दरवर्षी ७५० जागा आहेत. राज्यस्तरावर बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांना साहाय्य करतात. या सर्व योजनांचे सामाजिक महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्या प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षणानंतर सुरू होतात. ग्रामीण विद्यार्थ्याच्या जीवनातील निर्णायक क्षण त्याआधीच येऊन गेलेला असतो. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याला कारखान्यातील कंत्राटी काम, राफ्टिंगचा हंगाम आणि पुढील शिक्षण यांत निवड करावी लागते. त्या क्षणी संशोधनाच्या बाजूने तराजूत टाकण्यासारखे काहीच नसते.

पदवीस्तरावरील योजना संख्येने थोड्या आणि निकषांनी अरुंद आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला ८०,००० रुपये व त्यात उन्हाळी संशोधन प्रकल्पाची तरतूद होती. ती प्रामुख्याने बारावीच्या परीक्षेतील अग्रगण्य एक टक्का विद्यार्थ्यांसाठी आणि केवळ मूलभूत व नैसर्गिक विज्ञानांसाठी होती. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये विलीन झाली. ग्रामीण भागातील अनेक महाविद्यालयांत कला व वाणिज्य शाखांचेच प्राबल्य असते. तेथील भूगोलाचा विद्यार्थी नदीखोऱ्याचा नकाशा करू शकतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी राफ्टिंगच्या उत्पन्नाची वाटणी अभ्यासू शकतो. पर्यावरणाचे हे प्रश्न असूनही हे विद्यार्थी अशा योजनांच्या परिघाबाहेर राहतात.

मधली एक पायरीही आता उरलेली नाही. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. तिच्या दर्जाविषयी आक्षेप होते व ते सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु एका बंधाऱ्याचा, एका देवराईचा किंवा एका आठवडी बाजारातील रानभाज्यांचा दीड-दोन वर्षांत पुरा होणारा अभ्यास करण्यासाठी तो योग्य मापाचा साचा होता. आता एक तर पदवीचा लघुप्रकल्प किंवा थेट पीएच.डी., असे दोनच पर्याय उरले आहेत.

(ब) काळ : पर्यावरणाच्या अभ्यासाचे वर्ष जूनच्या पहिल्या पावसाने सुरू होते, तर अर्थसाहाय्याचे वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती उपयुक्त असली, तरी ती दोन महिन्यांची आहे आणि ती सुट्टीच्या काळात परिपूर्ण प्रयोगशाळांत पूर्ण करावयाची असते. त्यापुढील योजनांत रक्कम वेळेवर न मिळणे ही संशोधकांची जुनी तक्रार आहे. राज्यातील संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांवरून संशोधक विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आणि २०२३ मध्ये प्रत्येक संस्थेसाठी २०० लाभार्थ्यांची मर्यादा ठरविण्यात आली. ग्रंथालयात काम करणाऱ्या संशोधकाला उशिरा आलेली रक्कम त्रासदायक ठरते. क्षेत्र-अभ्यास करणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती एक संपूर्ण ऋतू बुडविते. सप्टेंबरात मिळालेल्या पैशांतून जूनमधील माशांची चढण मोजता येत नाही.

(क) स्थळ : अधिछात्रवृत्ती विद्यापीठातील किंवा मान्यताप्राप्त संशोधन केंद्रातील नोंदणीशी बांधलेली असते. परिणामी विद्यार्थ्याला प्रथम शंभराहून अधिक किलोमीटरवरील मुंबईकडे किंवा घाट चढून पुण्याकडे जावे लागते. तेथून तो आपल्याच गावी ‘क्षेत्रभेटीसाठी’ परततो. घरभाडे शहरात, नोंदणी शहरात आणि अभ्यासविषय गावात, अशी ही विभागणी आहे. आयोगाच्या बिगर-नेट अधिछात्रवृत्तीचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. एम.फिल.साठी दरमहा ५,००० व पीएच.डी.साठी ८,००० रुपयांची ही योजना बंद करण्याच्या प्रस्तावावरून २०१५ मध्ये देशभर आंदोलन झाले. तथापि ती केंद्रीय विद्यापीठांपुरतीच असल्याने राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना ना ती मिळत होती, ना तिच्या बचावाचा लाभ झाला.

(ड) भाषा : भाषाविषय वगळता राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असतात. प्रकल्प-प्रस्ताव इंग्रजीत लिहावे लागतात. कुंडलिकेच्या काठावरचे पर्यावरणज्ञान मात्र आगरी, कातकरी आणि कोकणी मराठी बोलींत आहे. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात असून रायगड जिल्ह्यात तिची वस्ती मोठी आहे. मासे, खेकडे, कंद व रानभाज्या यांचे या समाजाचे ज्ञान संशोधकांना सुपरिचित आहे. परंतु प्रबंधात हे ज्ञान ‘स्थानिक माहितीदार’ या शीर्षाखाली येते. ज्याच्या घरात ते ज्ञान आहे, तो मुलगा प्रबंधाचा लेखक होणे ही वाट परीक्षेची भाषा आरंभीच बंद करते.

५. अनिवार्य विषय आणि अनिश्चित भवितव्य

अर्थसाहाय्याच्या या रचनेचे गांभीर्य अभ्यासक्रमाच्या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचा निर्देश दिला. डिसेंबर २००३ च्या आदेशानंतर पदवीस्तरावर सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम देशभर लागू झाला. तेव्हापासून प्रत्येक पदवीधराने पर्यावरणाचा पेपर लिहिला आहे. मात्र बहुतेक महाविद्यालयांत हा विषय अन्य विषयांच्या शिक्षकांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविला गेला. अनिवार्यतेने वाचक निर्माण झाले, अभ्यासक झाले नाहीत, आणि शिक्षकपदेही फारशी निर्माण झाली नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या श्रेयांक आराखड्यात क्षेत्र-प्रकल्प, समुदाय-सहभाग आणि कार्यांतर्गत प्रशिक्षण यांना स्थान मिळाले आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीची संधी आहे. तत्त्वतः ही दिशा योग्य आहे. परंतु श्रेयांक दिले म्हणजे प्रवासखर्च मिटत नाही. संशोधन अनिवार्य आणि साहाय्य ऐच्छिक अशी स्थिती राहिल्यास क्षेत्र-प्रकल्प हे प्रश्नावलीच्या छायाप्रती आणि शेजाऱ्यांच्या सह्या यांपुरते मर्यादित राहण्याचा धोका आहे.

याच संदर्भात लोकजैवविविधता नोंदवह्यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने अशी नोंदवही करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि विलंबासाठी राज्यांवर दंडाची तरतूद केल्यानंतर या कामाला वेग आला. गावोगावच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वर्षभराची छोटी अधिछात्रवृत्ती देऊन, ऋतुमानाप्रमाणे, गावकऱ्यांच्या बोलीत नोंदी करून घेण्यासाठी याहून समर्पक काम शोधूनही सापडले नसते. मुदतीच्या दडपणाखाली केलेली नोंदवही कायद्याची पूर्तता करते, परंतु तिच्यातून गावात एकही अभ्यासक मागे राहत नाही.

६. पर्यायी वाटा

याला पर्याय असू शकतो, हे दाखविणारी किमान दोन उदाहरणे विचारात घेता येतात.

पहिले उदाहरण पश्चिम घाटातीलच आहे. १९९० च्या दशकात माधव गाडगीळ यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पश्चिम घाट जैवविविधता जाळे उभारले. घाटप्रदेशातील पदवी महाविद्यालयांचे शिक्षक व विद्यार्थी यांनी आपापल्या परिसरातील वनस्पती, पक्षी, कीटक यांच्या नोंदी समान पद्धतीने कराव्यात, अशी ही कल्पना होती. ग्रामीण महाविद्यालय हे ज्ञानाचे केवळ वितरण-केंद्र नसून निरीक्षण-केंद्रही होऊ शकते, हे तिचे मूलतत्त्व होते. असा उपक्रम त्याच्या प्रवर्तकाच्या प्रेरणेवर सोडून न देता कायमस्वरूपी अधिछात्रवृत्तीचा आधार दिला, तर तो व्यक्तीनंतरही टिकू शकतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील हडसन नदीचे आहे. कुंडलिकेशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. स्टॉर्म किंग या डोंगराजवळ उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारण्याच्या योजनेवरून तेथील वीज कंपनी आणि निसर्गप्रेमी संस्था यांच्यात दीर्घकाळ न्यायालयीन संघर्ष चालला. नदीतील मासे व त्यांची अंडी यांवर वीजकेंद्रांचा परिणाम हा त्यातील कळीचा मुद्दा होता, आणि वाद चालू असताना नदीविषयीचे ज्ञान किती अपुरे आहे हे उभय पक्षांच्या लक्षात आले. डिसेंबर १९८० मध्ये तडजोड झाली. वीज कंपन्यांनी १.२ कोटी डॉलरचा निधी दिला आणि त्यातून १९८१ मध्ये हडसन नदी प्रतिष्ठान ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या सहभागाने चालणारी तिबोर पोलगर अधिछात्रवृत्ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात हडसनवर संशोधन करण्यासाठी दिली जाते. विद्यार्थ्याला मार्गदर्शक असतो आणि त्याचा अंतिम अहवाल प्रकाशित होतो. येथे अधिछात्रवृत्ती विषयाला किंवा परीक्षेला नव्हे, तर एका नदीला जोडलेली आहे. वर्षानुवर्षांचे विद्यार्थी बदलतात. नदी तीच राहते आणि ज्ञान साचत जाते.

कुंडलिकेच्या खोऱ्यात वीजनिर्मिती आहे, रासायनिक उद्योग आहेत, पर्यटन आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची आहे आणि अनुसूची ७ मध्ये शिक्षण व पर्यावरण या दोन्ही बाबी समाविष्ट आहेत. वृक्षारोपणाचे फलक आणि वह्यावाटप यांपलीकडे जाऊन या निधीचा अल्पांश ‘कुंडलिका अधिछात्रवृत्ती’साठी राखून ठेवण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही.

७. संभाव्य आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला गुणवत्तेचा. परीक्षेवाचून निवड केल्यास दर्जा घसरेल, असे म्हटले जाईल. परंतु क्षेत्र-अभ्यासात लागणारे गुण, म्हणजे चिकाटी, नोंदींतील प्रामाणिकपणा आणि परिसराची जाण, बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेतून मोजले जात नाहीत. सहा महिन्यांच्या नोंदवहीची तपासणी हा त्यासाठी अधिक विश्वासार्ह निकष ठरेल.

दुसरा आक्षेप संकुचितपणाचा. विद्यार्थ्याला गावातच अडकवून ठेवणारी ही योजना त्याचे क्षितिज आखूड करील काय? हा आक्षेप गंभीर आहे. चिंतामणराव रोह्यातच राहिले असते तर केंब्रिजचे पारितोषिक मिळाले नसते, हे खरेच. म्हणून स्थानिक अधिछात्रवृत्ती ही राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीला पर्याय नसून तिची पहिली पायरी असावयास हवी. गावातील एका वर्षाच्या नोंदी हाती असलेला विद्यार्थी विद्यापीठात रिकाम्या हातांनी जाणार नाही.

तिसरा आक्षेप स्वायत्ततेचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यांच्या सांडपाण्याचा अभ्यास करावयाचा, त्यांच्याच पैशांतून अधिछात्रवृत्ती घेतली तर निष्कर्ष मोकळेपणाने मांडता येतील काय? स्थानिक विद्यार्थ्याचे वडील किंवा भाऊ त्याच कारखान्यात कामाला असण्याची शक्यता येथे नजरेआड करता येत नाही. हडसनच्या उदाहरणात देणगीदार व निवड करणारे मंडळ यांच्यात स्पष्ट अंतर ठेवले गेले, ही बाब म्हणूनच निर्णायक आहे. निधी एकरकमी व कायमस्वरूपी असावा, निवड विद्यापीठ व महाविद्यालयीन शिक्षकांच्या समितीकडे असावी आणि प्रत्येक अहवाल मराठीत प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. या तीन अटींशिवाय अशी अधिछात्रवृत्ती प्रसिद्धीपत्रकापलीकडे जाणार नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की पर्यावरण क्षेत्रातील विद्यार्थी-संशोधनाची अडचण ही केवळ निधीच्या अपुरेपणाची नाही. जो निधी आहे तो आयुष्यात उशिरा पोहोचतो, ऋतू निघून गेल्यावर पोहोचतो, अभ्यासस्थळापासून दूर पोहोचतो आणि परक्या भाषेत मागावा लागतो. त्यामुळे संशोधनाचा विषय असलेल्या प्रदेशांतून संशोधक निर्माण होत नाहीत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम वाढविणे आवश्यक होते व ते झाले. आता पदवीस्तरावर, किमान एका संपूर्ण वर्षाची, जूनपासून सुरू होणारी, स्थानिक महाविद्यालयातच राहून करता येणारी आणि मराठीतून अहवाल स्वीकारणारी छोटी अधिछात्रवृत्ती ही पुढची गरज आहे. राष्ट्रीय स्तरावरील निर्णयाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. एक नदी, दोन-तीन महाविद्यालये आणि प्रतिवर्षी पाच-सहा विद्यार्थी एवढ्यावर आरंभ करता येतो.

किहीमच्या सुगरणी न्याहाळणाऱ्या माणसाला घर होते, म्हणून एक पक्षीशास्त्रज्ञ घडला. भिऱ्याहून सुटलेले पाणी सकाळी कोलाडला पोहोचते तेव्हा आज काठावर पर्यटक असतात, होड्या असतात आणि त्या होड्या वल्हविणारे स्थानिक तरुण असतात. नदीची प्रत्येक वळणे, प्रत्येक खडक आणि पाण्याची प्रत्येक वेळ या तरुणांना तोंडपाठ आहे. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती वल्ह्याबरोबर नोंदवही देणे आणि त्या नोंदवहीसाठी त्याला सन्मानाने वेतन देणे, इतकाच या चर्चेचा व्यावहारिक अर्थ आहे. महाविद्यालयीन शिक्षकांनी याचा प्रारंभ आपल्याच वर्गातील विद्यार्थ्यांपासून करावयास हवा.